कॅमची साखळी कोण ताणते?

खुलताबादकडे जाताना दौलताबादचा घाट लागतो. तो चढणाऱ्या मोटारसायकलचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेते असे समजा. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळा उघडते. हा मेळ बहुधा एक साखळी राखते.

साखळीच्या पिना झिजतात, ती लांबते व खळखळ वाजू लागते. कॅमच्या चाकाला ३२ दाते असतील व साखळी एक दाता घसरली, तर कॅमशाफ्ट ३६० ÷ ३२ = ११.२५ अंशांनी चुकते. आणखी घसरल्यास दट्ट्या झडपेवर आदळू शकतो.

म्हणून साखळीच्या सैल बाजूस टेन्शनर असतो. त्यातील स्प्रिंग दांडा पुढे रेटते. दांडा एका पट्टीमार्फत साखळी दाबतो. दांड्याच्या तिरक्या दात्यांत अडकलेली खुंटी त्याला मागे येऊ देत नाही.

दुरुस्तीचा नियम यातूनच निघतो. टेन्शनर सोडवताच दांडा पुढे सरकतो. तसाच आवळल्यास साखळी फाजील ताणली जाते. म्हणून खुंटी उचलून दांडा आत ढकलावा, टेन्शनर बसवावा, मगच स्प्रिंग मोकळी करावी. शेवटी क्रँकशाफ्टला हाताने दोन फेरे देऊन खुणा जुळतात का ते पाहावे.

दोनच फेरे का, हे आता तुम्हीच सांगा!