संगणक अचानक बंद पडतो तेव्हा : कारणांचा शोध आणि नोंदीची जागा

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट असो वा राज्यातील दुसरे कोणतेही गाव, ग्रामपंचायतीच्या दप्तराचा मोठा भाग आज संगणकात सामावलेला आहे. सन २०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्पाद्वारे राज्यातील ग्रामपंचायतींत संगणकाचा प्रवेश झाला. २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रां'नी ते कार्य पुढे नेले आणि २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'ई-ग्रामस्वराज' प्रणालीमुळे ग्रामपंचायतीचे नियोजन व हिशेबही संगणकावर आले. साहजिकच, संगणक बंद पडला की केवळ एक यंत्र थांबत नाही. दाखल्यासाठी वाडीवस्तीवरून आलेल्या माणसाचा दिवस वाया जातो आणि त्याची मजुरीही बुडते.

अशा वेळी पुष्कळ ठिकाणी एकच उपाय योजला जातो : तंत्रज्ञास बोलावून संगणक 'फॉरमॅट' करून घेणे. हा उपाय म्हणजे पंचनामा होण्यापूर्वीच घटनास्थळ धुऊन काढण्यासारखे आहे. मूळ कारण तसेच राहते, बिघाडाचा पुरावा मात्र नष्ट होतो. म्हणून विंडोज प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या बाबतीत हा पुरावा कसा तयार होतो, तो कोठे साठतो व त्याचा उपयोग कसा करावा, याचा येथे विचार करू.

वीज गेली की संगणक कोलमडला?

प्रथम दोन गोष्टींत भेद करावयास हवा. वीजपुरवठा खंडित होऊन संगणक बंद पडणे वेगळे आणि प्रणालीत दोष उद्भवून तो कोलमडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पडद्यावर निळ्या रंगाची सूचना येते. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत ती काळ्या रंगाची असते. तीत बिघाडाचा सांकेतिक शब्द दिलेला असतो. तो तत्काळ लिहून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र काढावे.

सूचना पाहावयास मिळाली नसेल, तर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज' मधील 'सिस्टिम' ही नोंदवही तपासावी. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, की तेथे 'कर्नल-पॉवर' या नावाने ४१ क्रमांकाची नोंद होते. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल, तर प्रणालीने दोष नोंदविलेला नाही, असे समजावे. अशा वेळी वीजपुरवठा, यूपीएसची बॅटरी, जोडणीच्या तारा, संगणकातील पॉवर सप्लाय आणि यंत्र तापणे या बाबी आधी पाहाव्यात. 'बगचेक' नावाची १००१ क्रमांकाची नोंद आढळल्यास मात्र प्रणाली खरोखरच कोलमडली होती, हे निश्चित होते. उन्हाळा व भारनियमन ज्या भागाच्या परिचयाचे आहेत, तेथे हा भेद न केल्यामुळे निर्दोष यंत्रावरही खर्च होण्याचा संभव असतो.

मेमरी डंप म्हणजे काय?

प्रणाली कोलमडते त्या क्षणी संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, जे काही असते त्याची प्रत विंडोज डिस्कवर उतरवून ठेवते. या प्रतीस 'मेमरी डंप' म्हणतात. सर्वसाधारणपणे ही प्रत प्रथम सी ड्राइव्हवरील 'पेज फाइल' मध्ये लिहिली जाते आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तेथून स्वतंत्र फाइलमध्ये येते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वीज गेल्यास हा डंप तयार होत नाही. तसेच जागा वाचविण्यासाठी सी ड्राइव्हवरील पेज फाइल काढून टाकल्यास पुराव्याची वाटच बंद होते.

डंपचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

१. लघु डंप : आकार २५६ केबी. यात बिघाडाचा संकेत, त्या वेळी कार्यरत असलेल्या ड्रायव्हर्सची यादी आणि थांबलेल्या प्रक्रियेचा तपशील असतो.

२. कर्नल डंप : प्रणालीच्या गाभ्याने वापरलेली स्मृती यात येते. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅम्सची स्मृती वगळली जाते.

३. स्वयंचलित डंप : यातील मजकूर कर्नल डंपसारखाच असतो, परंतु पेज फाइलचा आकार विंडोज स्वतः ठरवते. सामान्य कार्यालयास हाच प्रकार योग्य.

४. संपूर्ण डंप : रॅममधील सर्व मजकूर यात येतो. रॅम ८ जीबी असेल तर जवळजवळ तेवढीच मोठी फाइल तयार होते.

जागा कशी ठरवावी?

'कंट्रोल पॅनेल' मधील 'सिस्टिम' येथून 'अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' उघडावे. तेथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या शीर्षकाखालील 'सेटिंग्ज' हे बटण दाबावे. या चौकटीत चार गोष्टी पाहावयाच्या असतात.

पहिली, डंपचा प्रकार. दुसरी, डंपची जागा. मूळ व्यवस्थेत मोठा डंप सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमध्ये 'मेमरी' या नावाने आणि लघु डंप त्याच फोल्डरातील 'मिनीडंप' या उपफोल्डरात साठतो. सी ड्राइव्हवर जागा अपुरी असल्यास येथे डी ड्राइव्हवरील फोल्डरचा पत्ता लिहावा. तो फोल्डर अगोदर तयार केलेला असावा आणि डिस्क संगणकात कायम बसविलेली असावी. पेन ड्राइव्हचा पत्ता देऊ नये.

तिसरी, जुनी फाइल पुसून नवी लिहिण्याची मुभा. ती दिलेली असल्यास पुढील बिघाडाच्या वेळी आधीचा मोठा डंप नाहीसा होतो, म्हणून महत्त्वाची फाइल लगेच दुसरीकडे हलवावी. चौथी, 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' ही खूण. ती काढल्यास सूचना पडद्यावर टिकून राहते व संकेत टिपून घेता येतो. हे बदल केल्यानंतर संगणक एकदा पुन्हा सुरू करावा.

पुराव्यावरून कारणाकडे

संकेतातील शब्द दिशा दाखवितात. 'मेमरी मॅनेजमेंट' असा संकेत वारंवार येत असेल, तर 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' द्वारे रॅम तपासावी. 'अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम' असेल तर डिस्ककडे लक्ष द्यावे आणि दुरुस्तीपूर्वी माहितीची प्रत काढता येते का, ते पाहावे. संकेतात एखाद्या ड्रायव्हरच्या फाइलचे नाव असल्यास, नुकताच नवा प्रिंटर अथवा स्कॅनर बसविला होता काय, हे आठवावे.

या पुराव्याचे मोल १९ जुलै २०२४ रोजी जगाने अनुभवले. 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅमची एक सदोष फाइल प्रसृत झाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. आपल्या देशातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. डंप तपासले असता दोष नेमका त्या प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरकडे निर्देश करीत होता. फाइल काढून टाकताच ती यंत्रे पूर्ववत सुरू होऊ शकत होती. सर्व संगणक फॉरमॅट करण्याची गरज नव्हती.

दक्षता

डंप म्हणजे माहितीची सुरक्षित प्रत नव्हे. जतन न केलेली नोंद त्यातून परत मिळेल, अशी अपेक्षा धरू नये. कर आकारणीचा नमुना ८ असो वा शाळेची पटनोंदणी, संगणकावर ठेवलेल्या माहितीची प्रत ठरावीक दिवशी वेगळ्या डिस्कवर घेणे, हाच त्यावरील मार्ग होय.

दुसरी दक्षता गोपनीयतेची. संपूर्ण डंपमध्ये त्या क्षणी उघड्या असलेल्या नागरिकांच्या नावांचा, ओळख क्रमांकांचा किंवा पासवर्डचा अंश असू शकतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम संमत केला आहे. म्हणून डंपची फाइल अनोळखी व्यक्तीच्या हाती देऊ नये. प्राथमिक तपासणीस बहुधा लघु डंप पुरेसा होतो.

प्रत्येक कार्यालयाने संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. तीत बिघाडाची तारीख, वेळ, संकेत, त्या वेळी चालू असलेले काम, विजेची स्थिती आणि केलेला उपाय एवढेच लिहावे. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या, की दोष यंत्राचा, विजेचा की प्रोग्रॅमचा, हे पुष्कळदा त्या वहीवरूनच ध्यानी येईल. ग्रामनिधीतून होणाऱ्या खर्चाला ग्रामसभेपुढे उत्तर द्यावे लागते. नवा संगणक हवा की केवळ नवी बॅटरी, हा निर्णय अशा नोंदींच्या आधारे झाला, तर ते उत्तर देणे ग्रामपंचायतीस सोपे जाईल.