कृपा आधी, विश्वास नंतर

चि. सुवार्ता,

तुझं पत्र पोचलं. तू विचारतेस की मंडळीत एकीकडे तारण फुकट आहे असं सांगतात आणि दुसरीकडे विश्वास ठेवल्यावाचून ते मिळत नाही असंही सांगतात, तर मग फुकट ते काय राहिलं? पुण्यकर्मांची अट काढून तिथं विश्वासाची अट बसवली, एवढाच फरक. शिवाय कर्मं निदान मोजता तरी येतात, विश्वास कशानं मोजायचा? हा प्रश्न पोरकट नाही. पुष्कळ प्रामाणिक माणसांची झोप त्यानं उडवली आहे. माझ्या मते त्याचं मूळ एकाच समजुतीत आहे: आपण विश्वासाला नकळत एक काम समजायला लागतो, आणि ते चोख बजावलं की मोबदल्यात तारण मिळेल असं धरून चालतो. पौलाची मांडणी याच्या उलट आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय काढ. आठव्या ते दहाव्या वचनांत तो सांगतो की तारण कृपेनं झालं, विश्वासाच्या द्वारे झालं, ते देवाचं दान आहे, म्हणून बढाई मारायला कुणालाच जागा नाही. आणि लगेच पुढं सांगतो की सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला नव्यानं घडवलं आहे. कृपा हे तारणाचं कारण, विश्वास ही ते स्वीकारण्याची रीत आणि सत्कर्मं हा त्याचा परिणाम. यातला विश्वास उचलून कारणाच्या जागी ठेवला, की ज्या ओझ्यातून सुटायचं तेच ओझं नव्या नावानं पुन्हा डोक्यावर येतं. तुझ्या बाबतीत तेच झालंय.

पौल हे नुसतं ठासून सांगत नाही, पुरावा देतो. रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय आणि उत्पत्तीचं पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाच. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात देव अब्राहामाला बाहेर आणून आकाशातले तारे मोजायला सांगतो आणि तुझी संतती अशी होईल म्हणतो. अब्राहाम विश्वास ठेवतो, आणि तेवढ्यावर त्याला नीतिमान गणलं जातं. सोळाव्या अध्यायात इश्माएल जन्मतो तेव्हा अब्राहामाचं वय ८६ आहे. सुंता होते ती सतराव्या अध्यायात, वयाच्या ९९ व्या वर्षी. म्हणजे नीतिमान गणलं जाणं आणि सुंता होणं यांत किमान तेरा वर्षांचं अंतर आहे. नियमशास्त्र तर देवाच्या वचनानंतर ४३० वर्षांनी आलं, असं पौल गलतीकरांना सांगतो. आता बघ, ज्या विधीच्या आणि ज्या आज्ञांच्या जोरावर माणूस देवापुढं उभा राहतो असं त्याचे विरोधक म्हणत होते, त्यातलं काहीच त्या रात्री अब्राहामाजवळ नव्हतं. मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती सहसा सांगितली जात नाही. अब्राहामाचा तो विश्वास तरी किती भक्कम होता? देवाचं बोलावणं त्याला बाराव्या अध्यायात आलं आणि त्याच अध्यायात मिसर देशात जीव वाचवायला त्यानं बायकोला बहीण म्हणून सांगितलं. ताऱ्यांच्या त्या रात्रीनंतर वचनाची वाट पाहणं त्याला जमलं नाही, आणि इश्माएलची आई हागार हिचं प्रकरण घडलं. विसाव्या अध्यायात गरारच्या राजापुढं पुन्हा तेच खोटं. ज्याला पवित्र शास्त्र विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणतं त्याचा विश्वास असा डळमळत चालला आहे. त्याच्या विश्वासाच्या ताकदीवर तारण अवलंबून असतं तर ते केव्हाच हातचं गेलं असतं. टिकलं, कारण आधी देव बोलला होता आणि अब्राहामाचा विश्वास हे त्या बोलण्याला दिलेलं उत्तर होतं.

म्हणून ‘माझा विश्वास पुरेसा आहे का’ हा प्रश्न सोडून दे, असं मी तुला आग्रहानं सांगतो. विश्वास कुणावर आहे, हे बघ. ओटी भरताना बाई पदर पसरते. ओटीत पडतं ते देणाऱ्याच्या हातून. पदर पैठणीचा की जुनेराचा, यावर ते ठरत नाही, आणि पदर छान पसरला म्हणून ओटी भरली असं कुणी म्हणत नाही. पण पसरलाच नाही तर ओटीत काही पडतही नाही. विश्वास आवश्यक आहे तो इतक्याच अर्थानं. शुभवर्तमानांतली माणसं बघ. मार्काच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप येशूपुढं एकाच दमात विश्वासाची कबुलीही देतो आणि आपल्या अविश्वासाला मदत कर अशी विनवणीही करतो, आणि मुलगा बरा होतो. आधी विश्वास पक्का करून ये, असं त्याला सांगितलं गेलं नाही. लूकच्या तेविसाव्या अध्यायातला वधस्तंभावरचा गुन्हेगार तर बाप्तिस्मा, नेम, दानधर्म यांतलं काही करण्याच्या पलीकडे गेला होता. माझी आठवण ठेव एवढंच तो म्हणाला. मन स्थिर नाही म्हणून प्रभुभोजनाला बसत नाहीस, असं तू लिहिलं आहेस. बसत जा. ते मेज ज्यांचा विश्वास शाबीत झाला त्यांचं बक्षीस नाही. पौल करिंथकरांना स्वतःची परीक्षा करायला सांगतो हे खरं, पण तिथं त्याचा रोख भाकरीसमोर बसून गरीब भावंडांना उपाशी ठेवणाऱ्यांवर आहे. शंकेनं गांजलेल्या मुलीला त्यानं तिथून उठवलेलं नाही.

यावर याकोबाचं पत्र पुढं केलं जाणारच, आणि ते टाळून पुढं जाण्यात अर्थ नाही. माणूस नुसत्या विश्वासानं नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो, अशा आशयाचं वाक्य त्याच्या दुसऱ्या अध्यायात आहे, तेही अब्राहामाचाच दाखला देऊन. हे पत्र धर्मसुधारक ल्यूथरलाही अडचणीचं वाटलं होतं. पण याकोब कोणत्या विश्वासाबद्दल बोलतोय हे त्याच्याच उदाहरणांवरून कळतं. उघड्यानागड्या, उपाशी बहिणीला किंवा भावाला, जा, ऊब घे, पोटभर खा, असं सांगून वाटेला लावणारा माणूस तो समोर उभा करतो. पुढं म्हणतो की देव एक आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. भुतांचा तो ‘विश्वास’ म्हणजे डोक्यानं दिलेली संमती. त्यात स्वीकार नाही, भरवसा नाही. पौलानं अशा संमतीला कधीच विश्वास म्हटलेलं नाही. शिवाय याकोब अब्राहामाच्या आयुष्यातला जो प्रसंग घेतो तो उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायातला, इसहाकाला वेदीवर ठेवण्याचा आहे. तोवर इसहाक लाकडं वाहण्याएवढा मोठा झाला होता. त्या प्रसंगानं पंधराव्या अध्यायातलं वचन पुरं झालं असं याकोब म्हणतो. म्हणजे एक जण आरंभाविषयी बोलतोय, दुसरा त्या आरंभातून बऱ्याच वर्षांनी काय निपजलं याविषयी. दोघांचं भांडण आहे असं मला वाटत नाही. दोघांसमोरची माणसं वेगळी होती.

तरी एक आक्षेप उरतो, आणि तो पौलाच्या हयातीतच घेतला गेला होता: सगळं कृपेनंच मिळणार असेल तर नीतीनं वागायचं कशाला? रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय याच सवालानं सुरू होतो. जर्मनीत डीट्रिख बोनहोफर यानं १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा ‘स्वस्त कृपे’वर कडक टीका केली. पश्चात्ताप नको, शिष्यत्व नको, फक्त क्षमा हवी, असं म्हणणाऱ्या चर्चची त्याला चीड होती. हिटलरच्या राजवटीला विरोध केला म्हणून ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिलं गेलं. पण कृपा माणसाला बेफिकीर करत नाही याचा आपल्याकडचा दाखला मला अधिक बोलका वाटतो, तो पंडिता रमाबाईंचा. इंग्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन सिस्टर्सनी लंडनच्या फुलहॅम भागात चालवलेलं पतित स्त्रियांचं घर पाहिलं. या बायकांसाठी हे कशाला करता, असं विचारल्यावर एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाई ज्या शास्त्रांत वाढल्या त्यांत बाईला स्वतःच्या जोरावर मोक्षाचा मार्ग जवळजवळ बंदच होता. इथं पाच नवरे झालेल्या बाईकडं ख्रिस्त स्वतः पाणी मागत होता आणि देऊही करत होता. रमाबाईंनी १८८३ साली वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. तरीसुद्धा १९०७ सालच्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट लिहितात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आठेक वर्षं लागली. मधल्या काळात, १८८९ साली, त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं होतं, विधवांसाठी झटत होत्या. सत्कर्मांची वाण नव्हती, पण मनाला स्वस्थता नव्हती. तारण हे दान आहे आणि ते आपल्या हातून व्हायचं नाही, हे उमगल्यावर त्या हात जोडून स्वस्थ बसल्या का? त्यानंतरच १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभं केलं, आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत बायबलचं भाषांतर करत राहिल्या. पुण्य गाठीला बांधायची घाई संपली की माणूस समोरच्या भुकेल्याकडं त्याच्यासाठी म्हणून बघू शकतो. कृपेवर विसंबणाऱ्यांपैकी सगळेच असे वागतात, असा माझा दावा नाही. पण कृपेची शिकवण माणसाला आळशी करते, हे म्हणणं रमाबाईंच्या चरित्रापुढं टिकत नाही.

तुझ्या मैत्रिणी म्हणतात की करावं तसं भरावं हाच न्याय, दुसऱ्यानं भरलेलं आपल्या नावावर कसं जमा होईल? या हरकतीत नैतिक गांभीर्य आहे, तिला तुच्छ लेखू नकोस. ख्रिस्ती श्रद्धा पापाचा हिशोब फाडून टाकत नाही. तो हिशोब देवानं स्वतःवर घेतला आणि वधस्तंभावर पुरा केला, असं ती मानते. आपल्याला फुकट मिळतं ते त्याला फुकट पडलेलं नाही. शिवाय कृपा हा विचार मराठी मनाला परका आहे असं समजू नकोस. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावरही तुकोबांचं ऋण मोकळेपणानं मानत राहिले, ते उगाच नाही. आपल्या बळानं पैलतीर गाठता येत नाही ही जाणीव वारकऱ्यांजवळ होतीच. ख्रिस्ती माणूस त्या कृपेला इतिहासातल्या एका घटनेशी, एका वधस्तंभाशी बांधतो. फरक आहे तो इथं, आणि तो मोठा आहे.

वसईच्या तुझ्या कॅथलिक मैत्रिणीशी वाद घालताना मात्र जरा जपून. ‘तुमचं तारण कर्मांनी’ असं तिला म्हणणं अन्यायाचं आहे. ट्रेंटच्या परिषदेनं जानेवारी १५४७ मध्ये ल्यूथरची शिकवण नाकारली हे खरं, पण त्याच ठरावात असंही आहे की नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीही, विश्वास असो की कर्म, त्या कृपेला पात्र करत नाही. माणूस आपल्या बळावर पुरेसा चांगला होऊ शकतो या पेलागियसच्या मताविरुद्ध लढलेला ऑगस्टीन तुम्हा दोघींचाही आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथं कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळं नव्हे, केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो, ही त्यातली समान कबुली. त्या कृपेनं माणसात होणारा बदल नीतिमान ठरवण्यातच धरायचा की त्याचं फळ म्हणायचं, यावर मतभेद अजून आहेत. मी दुसऱ्या बाजूचा आहे, कारण तो बदल आत धरला की माणूस पुन्हा स्वतःची नाडी बघत बसतो.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न: विश्वासही देवच देत असेल तर काहींना तो का देत नाही? डॉर्ट इथल्या प्रॉटेस्टंट चर्चसभेत १६१८-१९ मध्ये या प्रश्नावर घनघोर वाद झाला. देव निवडतो ती माणसंच विश्वास ठेवतात असं तिथं ठरलं. आर्मिनियसच्या अनुयायांचं म्हणणं होतं की कृपा सर्वांना पुढं होऊन गाठते, पण तिला झिडकारता येतं. पुढं वेस्लीनंही तेच धरलं. माझा कल वेस्लीकडं आहे, कारण यरुशलेमेसाठी येशू रडला ते रडणं मला खरं मानायचं आहे. पण दोन्ही पक्षांत एका गोष्टीवर दुमत नव्हतं, आणि तुला सध्या तेवढी पुरे: तुला देव हवासा वाटतोय याचा अर्थ तो तुझ्यापर्यंत आधीच पोचला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलीस की रोमकरांस पत्राचा नववा ते अकरावा अध्याय आपण सावकाश वाचू. तोवर एकटीनं त्यांच्या वाटेला जाऊ नकोस, चौथा अध्याय आधी पक्का कर.

तुझा,
मोठा काका