परसदारी सुऱ्यांची कार्यशाळा : आधी जागा, मग भट्टी

नोकरी किंवा दुकान सांभाळून हाताने सुऱ्या घडविण्याचा छंद हल्ली काही तरुणांना लागला आहे. पुढे त्याचा जोडधंदाही होऊ शकतो. स्वयंपाकघरात, खाटकाच्या दुकानात आणि बकरी ईदच्या आधी चांगल्या सुरीला गिऱ्हाईक असतेच. पण बहुतेकजण आधी यंत्र आणतात आणि ते ठेवायचे कुठे, याचा विचार नंतर करतात. म्हणून आज फक्त जागेविषयी पाहू.

एका माणसाला १० फूट बाय १२ फूट पत्र्याची शेड पुरते. ती घराच्या भिंतीला चिकटवू नये. भट्टीकडची बाजू पूर्ण उघडी असावी. कोळसा असो वा गॅस, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला ना वास असतो ना रंग. भट्टीखाली सिमेंटचा कोबा नको, तापलेला तुकडा पडला की त्याच्या कपच्या उडतात. चोपून बसविलेला मुरूमच बरा. भट्टीला हवा देणारा पाइप जस्ताचा मुलामा दिलेला नसावा. तो तापला की निघणाऱ्या धुराने थंडीताप भरतो.

भट्टीवर ऊन पडू देऊ नये, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लोहार रंगावरून उष्णता ओळखतो. उन्हात लाल झालेले पातेही काळपट दिसते, मग शिकाऊ माणूस ते जास्त तापवतो आणि पाते ठिसूळ होते. त्यावर सोपा उपाय म्हणजे लोहचुंबक. सुमारे ७७० अंश सेल्सियसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलाद असेल तर त्याहून थोडे अधिक तापवून ५०-६० अंश गरम तेलात बुडवावे. तेलाचा डबा लोखंडी, उभा, झाकणाचा आणि भट्टीपासून दोन पावलांवर असावा. मध्ये काहीही अडथळा नको, कारण पाते हवेत क्षणाक्षणाला थंड होत असते. तेल पेटले तर झाकण घालावे, पाणी कधीही ओतू नये. बुडविलेल्या पात्यावर कानस घसरली, म्हणजे ते कडक झाले. ते लगेच २०० अंशाच्या ओव्हनमध्ये दोन-दोन तास दोनदा ठेवावे, नाहीतर हातातून पडताच काचेसारखे तुटेल.

ऐरणीची उंची उभ्या माणसाच्या मिटलेल्या मुठीएवढी ठेवावी, म्हणजे कंबर धरत नाही. रुळाचा तुकडा ऐरण म्हणून चालतो, पण पावतीशिवाय घेऊ नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

घासण्याचे पट्टा-यंत्र आणि मुठीच्या लाकडाचे काम एका कोपऱ्यात ठेवू नये. लाकडाच्या भुशात ठिणगी दडून राहते आणि माणूस जेवायला गेल्यावर पेट घेते. यंत्राखाली पाण्याची बादली, तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि मोटारीला अर्थिंग, यात काटकसर करू नये. मोटर थोडी लहान घेतली तरी चालेल.

विक्रीचा विचार असेल तर कायदाही पाहावा. शस्त्र कायदा १९५९ खालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा सुरा धारदार शस्त्रांत मोडतो. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनविलेला असेल तरच त्यातून सूट आहे. म्हणून नक्षीदार खंजिरांच्या मागे न लागता भाजीच्या आणि मांसाच्या सुऱ्याच कराव्यात व पावतीवर तसे लिहावे. ठोकण्याचे काम फजरनंतर लगेच सुरू करू नये, शेजाऱ्याची एक तक्रार सगळी शेड उतरवायला लावते.

पावसाळ्यात पत्रा गळत नसला तरी दमट हवेने पाती गंजतात. प्रत्येकावर तेलाचा हात फिरवून ती शेडमध्ये न ठेवता घरात न्यावीत, मात्र मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी.