धडधड हवी, पण सोमवारी नको

हे बघ मनू, रविवारी टपरीवर तू ‘इलेक्ट्रिक घ्यावी म्हणते’ एवढंच बोललीस आणि बुलेट ग्रुपमधले दादालोक तुझ्यावर तुटून पडले, ते माझ्या कानावर आलंय. कुणी मिक्सर म्हणालं, कुणी खेळणं. ‘बुलेट चालवणारी पोरगी आता स्कूटर उडवणार का?’ असंही एकजण बोलला म्हणे. तो कोण, ते मला बरोब्बर ठाऊक आहे. असो. रात्री फोन करून ‘ताई, तूच सांग’ म्हणालीस म्हणून सांगते. अट एकच. पुरतं ऐकायचं, मध्येच ‘म्हणजे घेऊ ना?’ करायचं नाही.

आधी त्यांची बाजू, कारण ती तुला कुणी नीट सांगितलेली नाही. आवाजाचं वेड म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, ही रात्री गल्लीत फटाके काढत फिरणारी पोरं. तशी असतात काही. पुण्यात पोलिसांनी असले फटाके काढणारे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवलाय आणि फार बरं केलंय. मुरलेल्या माणसाचं प्रकरण वेगळं असतं. बुलेट 350 चं एकच सिलिंडर, लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, त्यामुळे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. वरंध घाट चढताना काट्याकडे न बघता कळतं की आता तिसरा टाकायला हवा. टॅपेट वाजायला लागले, चेन सैल झाली, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला, हे मिस्त्रीच्या आधी आपल्या कानाला कळतं. उतरणीला क्लच कधी सोडायचा, ओल्या वळणावर कुठला गिअर ठेवायचा, हे अंगात यायला वर्षं जातात. इलेक्ट्रिकमध्ये क्लच नाही, गिअर नाही. इतकी वर्षं खपून कमावलेलं कसब आपल्या डोळ्यांदेखत बिनकामाचं होणार, याचं माणसाला वाईट वाटणारच. त्याला हसू नकोस.

आवाज नसण्यावर उपाय म्हणून एक गंमतही झाली. 2019 मध्ये रिव्होल्टची आरव्ही 400 आली, तिच्यात ॲपवरून इंजिनाचे आवाज लावायची सोय दिली होती. मला तर तो प्रकार भलताच पोरकट वाटला. शांत गाडी आहे ना, मग शांत असू दे.

आता दुसरी बाजू. तुझे हे दादालोक आज बुलेटसाठी गळा काढतायत, पण बुलेट मेली म्हणून रडायची त्यांची ही पहिली वेळ नाही. जुन्या गाड्यांचे गिअर उजव्या पायाला असायचे. ते डाव्या पायाला आले तेव्हा म्हणाले, संपलं. 2008-10 च्या सुमारास कास्ट आयर्नचं इंजिन जाऊन नवं ॲल्युमिनियमचं आलं, तेव्हा म्हणाले, ठोका गेला, संपलं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, मग थरथर कमी असलेलं नवं 350 आलं. पुन्हा तेच, संपलं. आणि आज तेच लोक त्याच नव्या 350 वर बसून तुला खरी गाडी कोणती ते शिकवतायत! आरएक्स 100 वाल्यांचंही असंच. ती टू स्ट्रोक गाडी 1996 मध्ये बंद झाली, तरी फोर स्ट्रोक गाडीत जीवच नसतो असं म्हणणारे अजून भेटतात. धुराच्या नियमांपुढे आणि ॲव्हरेजपुढे टू स्ट्रोक टिकली नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि एक तुझ्यामाझ्यातलं. जुनी बुलेट चालू करायची म्हणजे ॲमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकम्प्रेसर दाबून पिस्टन जागेवर घ्यायचा, मग किक. चुकली की किक उलटी यायची आणि नडगी सुजायची. त्या काळात पोरींना एकच वाक्य ऐकवलं जायचं, ‘तुला किक बसणार नाही.’ पुढे बटन आलं, तर ‘बटनाची बुलेट ही काय बुलेट?’ म्हणून हसले. त्या बटनामुळे किती पोरी गाडीवर बसल्या ते तू रविवारी स्वतः मोजून बघ. आता कुणी ‘गिअर नसलेली ती काय गाडी’ म्हणालं की हे आठवत जा.

पण मनू, एका बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत, आणि तिथे मी तुझी बाजू घेणार नाही. लांबचा पल्ला. हिशेब अगदी सोपा आहे. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. 13 लिटरची टाकी म्हणजे 115 युनिटच्या पुढे. त्यातली तीन चतुर्थांश उष्णता होऊन वाया जाते (सिग्नलला तुझी पोटरी भाजते ती हीच), तरी चाकाला 28-29 युनिट उरतात. आपल्याकडची दमदार इलेक्ट्रिक मोटरसायकल म्हणजे बंगळुरूची अल्ट्राव्हायोलेट एफ 77. तिच्या मोठ्या बॅटरीत 10.3 युनिट. मोटर त्यातलं फारसं वाया घालवत नाही, तरीही 10 म्हणजे 10. त्यात महामार्गावर वेग वाढला की वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. गावात ऐटीत चालणारी रेंज तिथे भराभर उतरते. पुणे ते गोवा बुलेटने जवळपास एका टाकीत जाता येतं. इलेक्ट्रिकने वाटेत दोन-तीनदा तरी थांबावं लागेल, आणि थांबणं म्हणजे पाच मिनिटांत टाकी फुल करून निघणं नव्हे. मनाली-लेहच्या वाटेवर तांदीला एक पेट्रोल पंप आहे. पुढचा पंप 365 किलोमीटरवर, अशी पाटी तिथे वर्षानुवर्षे होती. पेट्रोलवालेही तिथून कॅन भरूनच पुढे जायचे. तुला लडाखची स्वप्नं पडतात ना? मग त्या स्वप्नात सध्या तरी पेट्रोलच घाल.

फक्त मला सांग, लडाखला तू कितीदा जातेस? आणि हिंजवडीला?

हाच प्रश्न ग्रुपमध्ये कुणी विचारत नाही. रविवारच्या गाडीवरून सगळे भांडतात आणि सोमवारची गाडी चालवतात. कर्वेनगरहून हिंजवडी, येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर. त्यातला अर्धा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, डाव्या हाताच्या मनगटाचा भुगा. तिथे 195 किलोची गाडी पायाने ढकलत पुढे सरकण्यात कुठलं कसब आणि कुठलं संगीत? पुण्यात पेट्रोल शंभराच्या वर आहे. ट्रॅफिकमधलं ॲव्हरेज धरलंस तर रोजचे सव्वाशे रुपये जातात. इलेक्ट्रिक स्कूटरला तेवढ्याच अंतराला दीडेक युनिट वीज लागेल, म्हणजे पंधरा-वीस रुपये. शिवाय मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पुरा मिळतो. आरपीएम चढायची वाट बघावी लागत नाही. सिग्नल सुटल्यावर तुझे दादालोक पहिला टाकेपर्यंत तू पुढच्या चौकात असशील. ही चैन एकदा अनुभवून बघच.

‘वीज कोळशाचीच ना? धूर पुण्यातून चंद्रपूरला पाठवलास’ असं तुला ऐकवलं म्हणे. बोलणं अर्धं खरं आहे. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे आणि चंद्रपूरची माणसंही माणसंच आहेत. पण हे सांगणाऱ्याने स्वतःच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा सायलेन्सर लावलाय. त्याच्या तोंडून मी पर्यावरण ऐकून घेणार नाही.

बरं, जुन्या लोकांची मला सर्वांत पटणारी तक्रार आवाजाचीही नाही आणि रेंजचीही नाही. ती आहे दुरुस्तीची. बुलेट महाबळेश्वरच्या वाटेवर बंद पडली तर वाईचा मिस्त्री पाना घेऊन बसतो आणि तासाभरात उभी करतो. इलेक्ट्रिक गाडी बंद पडली की लॅपटॉप लागतो, कंपनीचा माणूस लागतो, आणि तो म्हणेल तेव्हा गाडी मिळते. काही कंपन्या तर गाडीतच असलेल्या सोयी सुरू करायला वेगळे पैसे घेतात. आपल्या पैशाने घेतलेली गाडी आपल्याला उघडता येऊ नये, हे कुठल्याही मोटरसायकलवेड्याला सलतंच. मलाही सलतं. पण हेही लक्षात ठेव की इंजेक्शन आणि एबीएसवाल्या नव्या पेट्रोल गाडीलाही आता स्कॅनर लावावाच लागतो. पानामिस्त्रीचे दिवस दोन्हीकडे भरत आलेत.

पेट घेण्याचं म्हणशील तर ती भीती खोटी नव्हती. 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्या, त्यातली एक इथे लोहगावात. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. पेट्रोल गाड्याही जळतात, पण त्याची बातमी होत नाही. तरी स्वस्तातली, कुणी बनवली ते कळत नाही असली गाडी नकोच. एक्स्टेंशन बोर्डाची वायर खिडकीतून सोडून चार्जिंग करायचं तर मुळीच नको.

तू म्हणशील, ताई, मग सगळी दुनिया इलेक्ट्रिक होणार का? घाई नाही गं. 2024-25 मध्ये देशात विकल्या गेलेल्या शंभर दुचाक्यांत सहाच्या आसपास इलेक्ट्रिक होत्या आणि त्याही जवळपास सगळ्या स्कूटर. मोटरसायकलचा किल्ला अजून शाबूत आहे. बनवणारेही दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहेत. 2009-10 च्या सुमारास स्कूटरच सोडून दिलेल्या बजाजने जानेवारी 2020 मध्ये चेतक विजेवर परत आणली. त्याच बजाजने जुलै 2024 मध्ये सीएनजीवर चालणारी मोटरसायकल काढली. आणि ज्यांच्या नावाने तुझा ग्रुप शपथा घेतो त्या रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर 2024 मध्ये मिलानला स्वतःची इलेक्ट्रिक दाखवली, फ्लाइंग फ्ली. नाव दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने खाली सोडायच्या त्यांच्याच छोट्या गाडीचं. हे पुढच्या रविवारी चहाबरोबर हळूच टाक आणि तोंडं बघ.

तर माझं मत. रोजच्यासाठी इलेक्ट्रिक स्कूटर घे. इलेक्ट्रिक मोटरसायकल नको, अजून दोन-तीन वर्षं थांब. त्या अजून महाग आहेत आणि वाटेत चार्जिंगचे खांब वाढायला हवेत. बुलेट विकायची नाही. ती शनिवार-रविवारसाठी, ताम्हिणीसाठी, तुझ्या लडाखसाठी. रोजच्या घासाघाशीतून सुटली की तीही जास्त टिकेल. पुढेमागे बदलावीशी वाटलीच, तर 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. इलेक्ट्रिकला तो 5 आहे. 350 च्या वर गेलीस तर 40 भरायचे, हे आधीच डोक्यात ठेव. आणि ग्रुप सोडू नकोस. गाडीवर जीव लावणारी माणसं आहेत ती. रात्री अडीच वाजता पंक्चर झालं तर हेच येतील, इलेक्ट्रिकला खेळणं म्हणणारा तो सगळ्यांत आधी.

घ्यायच्या आधी सोसायटीच्या कमिटीकडून लेखी परवानगी घे आणि आपल्या मीटरवरून पार्किंगपर्यंत नीट अर्थिंगचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून ओढून घे. कागदावर 150 ची रेंज लिहिलेली असली तर रस्त्यावर 110 धरून चाल. टेस्ट राइड शोरूमच्या गल्लीत नको, चांदणी चौकाचा चढ चढवून बघ, मागे मला बसवून. आणि विकणाऱ्याला विचार की बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची, आणि क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार. उत्तर तोंडी दिलं तर ऐकू नकोस, कागदावर लिहून माग.