सायकलची साखळी आणि आपली बोटे

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास आजही सायकल कामाला येते. कोणी वाळूजच्या कारखान्यात सायकलवर जातो. कोणी शेतावर डबा नेतो. कोणाची पोरं सायकलवर शाळेत जातात. सायकल म्हणजे गरिबाची गाडी. तिचे किरकोळ काम आपण घरच्या अंगणातच उरकतो. साखळीला तेल देतो, पंक्चर काढतो, नट आवळतो. हे चांगलेच आहे. पण चार पैसे वाचवताना बोट गमावून बसू नये.

आपले पोट हातावर आहे. विळा, खुरपे, पाना, सुई, सारे बोटांनीच धरायचे. पैठणची पैठणी आणि शहरातला हिमरू हीसुद्धा बोटांचीच करामत. बोटाचे एक पेर गेले तरी हाताची पकड जाते.

बोट सापडते कुठे?

१८८५ साली इंग्लंडात स्टार्ली यांनी एक सायकल काढली. तिचे मागचे चाक साखळीने फिरत होते. तीच ठेवण पुढे जगभर पसरली. आपली सायकल त्याच जातीची.

सायकल स्टँडवर लावा आणि नीट बघा. पायडल पुढे फिरवले की वरची साखळी पुढच्या मोठ्या दातेरी चाकात शिरते. खालची साखळी मागच्या लहान दातेरी चाकात शिरते. ह्या दोन जागा म्हणजे उसाच्या चरकाची तोंडे समजा. जे आत जाईल ते दाबले जाईल.

समजा, बाप फडक्याने साखळी पुसतो आहे आणि पोरगं पायडल फिरवतं आहे. फडके दात्यात अडकते. फडक्यामागून बोट आत जाते. "थांब रे!" म्हणेपर्यंत व्हायचे ते होऊन जाते.

म्हणून काम एकट्यानेच करावे. लेकरांना लांब बसवावे. पुसताना पायडल थांबलेले असावे. थोडी साखळी पुसायची, हात काढायचा, मग साखळी पुढे सरकवायची. तेल देताना पायडल हळूहळू उलटे फिरवा. उलटे फिरवले की साखळी फिरते, पण चाक जोर घेत नाही. तेल सोडायचे ते दात्यांपासून लांब, साखळीच्या मधल्या भागावर. हातातली अंगठी आणि लोंबती बाही आधी आवरा.

पाना आणि काटा

पाना नटाला घट्ट बसणारा हवा. झिजलेला पाना निसटतो आणि बोटांची हाडे दात्यांवर आपटतात. पायडल काढण्याआधी पुढच्या दातेरी चाकावर जाड गोणपाट गुंडाळा. पाना शक्यतो आपल्याकडे ओढा, पुढे ढकलू नका. आणखी एक खूण सांगतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ढिले होते. हे ठाऊक नसले की माणूस उलटा जोर लावतो आणि हात फोडून घेतो.

पंक्चर काढताना टायरच्या आत बोट फिरवू नका. बाभळीचा काटा आत दडून बसलेला असतो. फडके फिरवा. ते काट्याला अडकेल.

बोट सापडलेच तर

बोट हिसकू नका. पायडल अगदी हळू उलटे फिरवा. बोट सुटत नसेल तर मागच्या चाकाचे नट ढिले करा आणि चाक थोडे पुढे सारा. साखळी सैल पडेल.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. मधेच उघडून बघू नका. हात छातीपेक्षा वर धरा. अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा. रक्त थांबले की साबण आणि भरपूर स्वच्छ पाणी घेऊन जखम धुवा. तंबाखू, चुना, राख, शेण, पेट्रोल यांतले काहीही जखमेवर घालू नका.

बोटाचा तुकडा पडला तर टाकून देऊ नका. तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकड्याला बर्फ थेट लागू देऊ नका. मग १०८ नंबरला फोन करा. शहरात ज्याला सारे 'घाटी' म्हणतात ते मोठे सरकारी रुग्णालय आहे.

रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल, बधिर झाले असेल किंवा हाड दिसत असेल तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

लहान जखम, मोठा रोग

पुष्कळ जण म्हणतात, गंज लागला की धनुर्वात होतो. खरे कारण गंज नव्हे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. ते जखमेतून आत जातात. १८८९ साली कितासातो या जपानी डॉक्टरांनी हे जंतू वेगळे काढून वाढवून दाखवले. पुढे त्यावर लस निघाली. ह्या रोगात जबडा बसतो आणि अंग धनुष्यासारखे वाकते, म्हणून हे नाव. कधी कधी जखम भरून आल्यावर रोग दिसू लागतो. तेव्हा "एवढंसं तर लागलंय" म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि सुई लागेल का ते विचारा. मागची सुई कधी घेतली ते सांगा. म्हणूनच ती तारीख घरातल्या वहीत लिहून ठेवावी. आता लिहिता येते, मग हा फायदा का सोडावा?

वाचा आणि सांगा

१. साखळी दात्यांत कोणत्या दोन जागी शिरते?
२. तेल देताना पायडल कोणत्या बाजूला फिरवावे? का?
३. धनुर्वाताचे जंतू कुठे असतात?
४. घरातल्या प्रत्येकाने धनुर्वाताची सुई कधी घेतली? विचारून वहीत लिहा.