आमच्या गावची ढोरवाट
(परिसर अभ्यास, इयत्ता ४ थी)

दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींनी अभ्यास दिला होता. गावातली एक जुनी गोष्ट पाहा, मोजा आणि लिहा. कोणी विहीर लिहिली, कोणी देऊळ लिहिले. मी ढोरवाट लिहिली. कारण माझे आबाजी गावचे गायकी होते. गायकी म्हणजे सगळ्या गावाची ढोरं राखणारा माणूस.

आमचे गाव आरमोरी तालुक्यात वैनगंगेच्या काठी आहे. नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्याचा ब्रह्मपुरी तालुका दिसतो. वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते. पुढे तिला वर्धा नदी मिळते आणि तिचे नाव प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. नदीला ज्या भागातले पाणी मिळते त्या भागाला खोरे म्हणतात. आपण सगळे वैनगंगेच्या खोऱ्यात राहतो.

मी, बाबा आणि आबाजी सकाळी नऊ वाजता निघालो. आमची म्हातारी गाय चांदी बरोबर घेतली. मी आबाजींना विचारले, वाट कोणती? ते म्हणाले, "मले काहून पुसतेस बाई? चांदीले पुस." आणि खरंच, चांदी पुढे झाली. आम्ही तिच्या मागे चाललो.

१) आखर. हे गावाबाहेरचे मोकळे मैदान. सकाळी सगळ्यांनी आपापली ढोरं इथे आणून सोडायची. सगळी जमली की आबाजी कळप हाकत. या कामाचे त्यांना पैशाऐवजी धान मिळे. ज्याची जितकी ढोरं तितके धान.

२) पांदण. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आहेत. धान कापून झाले होते. पांदण पूर्वी दोन बैलबंड्या जातील इतकी रुंद होती. आता काही ठिकाणी बांधी पुढे सरकली आहे. एका जागी चांदीच्या पोटाला दोन्हीकडची काटी लागली.

३) नदीचा काठ. इथे कहूची मोठी झाडे आहेत. कहूला पुस्तकात अर्जुन म्हणतात. त्याच्या मुळ्या काठाची माती धरून ठेवतात. चांदीच्या पायाजवळ दोन गायबगळे चालत होते. गाय चालली की गवतातले किडे उडतात आणि बगळे ते खातात. पाण्यात ढिवरांचा डोंगा होता.

४) दुपारची जागा. एका कहूखाली चांदी आपोआप थांबली आणि खाली बसली. आबाजी हसले. दुपारी सगळा कळप इथेच बसून रवंथ करी. आम्ही पण भाकरी सोडली. चांदी तीन वर्षांनी इथे आली होती, तरी तिला जागा आठवत होती.

५) नाला. नाल्यापलीकडे जंगल आहे. येन, मोह, पळस, तेंदू. खरे चराईचे रान तिकडेच आहे. पण आम्ही नाला ओलांडला नाही. तीन वर्षांपूर्वी तिथे वाघाने कळपातली एक गाय मारली. आबाजी वीस पावलांवर होते. त्यांनी काठी आपटली, ओरडले, पण गाय वाचली नाही. त्या दिवसापासून घरच्यांनी त्यांना जाऊ दिले नाही. दुसरा गायकी मिळाला नाही. चांदी नाल्यापलीकडे पाहून हंबरली. आबाजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही परत फिरलो.

मापन : माझी १०० पावले टेपने मोजली. ती ४५ मीटर भरली. आखरापासून नाल्यापर्यंत ६२०० पावले झाली. ६२ × ४५ = २७९०. म्हणजे २ किलोमीटर ७९० मीटर. नाल्यापुढची वाट मोजलेली नाही. ती नकाशात तुटक रेषेने दाखवली आहे. ती आबाजींनी सांगितली तशी काढली. आता ती त्यांनाच माहीत आहे.

आम्ही गोवारी आहोत. गाई राखणे हा आमचा पूर्वीपासूनचा धंदा. दिवाळीत आमच्याकडे गायगोधन असते. गाईंना रंगवतात, सजवतात, खिचडी खाऊ घालतात आणि माणसे ढोलाच्या तालावर नाचतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला गोवारी लोकांचा मोर्चा होता. तिथे चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मरण पावली. आबाजी त्या मोर्चात होते. ते त्याबद्दल जास्त बोलत नाहीत. त्या दिवशी आमच्या घरी दिवा लावतात.

गावातली ढोरं मी घरोघरी जाऊन मोजली. ४१ आहेत. आबाजी म्हणतात, पूर्वी याच्या तिप्पट होती. ढोरं कमी झाली म्हणून शेणखत कमी झाले. शेणखत कमी झाले म्हणून खताच्या थैल्या विकत आणाव्या लागतात. हे बाबांनी सांगितले.

मुलांनी लक्षात ठेवावे : नाल्याकडे एकटे जाऊ नये. सकाळी अंधारात व सांजेला तर मुळीच जाऊ नये. वाघाचा पंजा उमटलेला दिसला तर मोठ्या माणसांना सांगावे. पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडतात. त्या धरणाला ३३ दरवाजे आहेत. तेव्हा आपल्याकडे पाणी चढते, म्हणून नदीकाठी जाऊ नये.

प्रश्न सोडवा :
१) खोरे म्हणजे काय?
२) गायबगळा गाईजवळ का चालतो?
३) तुमची १०० पावले किती मीटर होतात ते मोजा.

नकाशा शेजारी चिकटवला आहे. पालकांनी तो पाहावा. ज्यांना नाल्यापुढची वाट माहीत असेल त्यांनी माझे काही चुकले असल्यास सांगावे. मी पेन्सिलनेच काढली आहे. खोडून पुन्हा काढीन.