सहा तास नव्हे, साडेपंधरा

मुंबईहून न्यू जर्सीतल्या नेवार्कला जाणाऱ्या थेट विमानाचं तिकीट. सुटण्याची वेळ रात्री १.३०, पोहोचण्याची सकाळी ७.३०, तारीख तीच. माझ्यासोबत निघालेल्या दादांनी सहा तासांचा प्रवास धरला. मधुमेहाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या, म्हणजे थेट विमानाच्या पोटात. सकाळची गोळी लेकाच्या घरी पोहोचून घेऊ, असा त्यांचा हिशेब. भारतात दुपारचे बारा वाजले तेव्हा आम्ही हवेतच होतो, आणि उतरायला अजून पाच तास होते. दादांच्या घशाला कोरड पडली, डोकं गरगरू लागलं. उतरले तेव्हा पाय इतके सुजलेले, की चपला चढेनात. घरी जाण्याआधी त्यांना डॉक्टरकडे न्यावं लागलं.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या शहरातल्या असतात. उन्हाळ्यात न्यू यॉर्क-न्यू जर्सीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. जाताना तिकिटावरच्या तासांत ते मिळवा, म्हणजे खरे तास कळतात.

अंतर पाहून तास काढायला जाल तरीही फसाल. मुंबई ते न्यू यॉर्क जवळच्या हवाई वाटेने साधारण १२,५०० किलोमीटर आहे. ताशी ९०० च्या वेगाने चौदा तास होतात. पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात आणि वेळ वाढतो. येताना तेच पाठीशी असल्याने तासाभराहून अधिक वाचतो. वाटेतल्या एखाद्या देशाने आपली हवाई हद्द बंद केली, तर वळसा पडून वेळ आणखी वाढतो.

शिवाय विमानातले तास म्हणजे सगळा प्रवास नव्हे. नाशिकहून निघालं तर मुंबई विमानतळ चार-पाच तास, तिथे तीन तास आधी हजर, मग उड्डाण, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, पुढे गाडीने न्यू जर्सीतलं एडिसन. घरापासून घरापर्यंत सव्वीस तास सहज होतात. साठीपुढच्या माणसाला ते आधी सांगितलंच पाहिजे. कौतुकाच्या घाईत हे राहून जातं, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच नको, तिथल्या थंडीत ते गोठू शकतं. तिकीट हातात आलं की ते डॉक्टरांना दाखवा आणि कुठली मात्रा किती तासांनी घ्यायची ते लिहून घ्या. चार तासांहून जास्त वेळ बसून राहिलं की पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून अधूनमधून उठून चाला, पोटऱ्या हलवा, पाणी प्या.

आणि तारीख नीट वाचा. १५ तारखेचं रात्री १.३० चं विमान असेल, तर नाशिककराने घर सोडायचं ते १४ तारखेच्या संध्याकाळी.